इंग्लंडच्या उमरावशाहीतील स्त्रियांचे किताब

इंग्लंडच्या उमरावशाहीत, म्हणजे 'पीअरेज'मध्ये, स्त्रियांना मिळणारे किताब मुख्यतः तीन प्रकारचे आहेत : पतीमुळे मिळणारे, पित्यामुळे मिळणारे आणि स्त्रीने स्वतःच्या हक्काने धारण केलेले. पहिल्या दोन प्रकारांत स्त्रीला मान व संबोधन मिळते, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती उमराव ठरत नाही. तिसऱ्या प्रकारात किताब तिचा स्वतःचा असतो. तो तिला वारशाने किंवा राजाच्या सनदेने मिळतो आणि विवाह, वैधव्य अथवा घटस्फोट यांमुळे तो जात नाही. अशा किताबाला 'सुओ ज्युरे', म्हणजे 'स्वहक्काने' धारण केलेला किताब, असे लॅटिन नाव आहे.

स्वहक्काने किताब धारण करणाऱ्या स्त्रिया इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून आढळतात. तथापि पुरुष उमरावाला किताबासोबत मिळणारे हाउस ऑफ लॉर्ड्‌स या वरिष्ठ सभागृहातील आसन त्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मिळाले नाही. किताब आपला, पण त्याचा अधिकार मात्र दुसऱ्याच्या हाती, ही विसंगती या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसते.

काटेकोर अर्थाने 'इंग्लंडची उमरावशाही' म्हणजे १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड ही राज्ये एक होण्यापूर्वी निर्माण झालेले किताब. त्यानंतरचे किताब ग्रेट ब्रिटनच्या व १८०१ पासून युनायटेड किंग्डमच्या उमरावशाहीत मोडतात. स्कॉटलंड व आयर्लंड यांच्या उमरावशाह्या वेगळ्या आहेत. इंग्लिश परंपरेचे नियम पुढील काळातही चालू राहिल्यामुळे या लेखात नंतरच्या किताबांचाही विचार केला आहे.

श्रेणी व संबोधने

उमरावशाहीत पाच श्रेणी आहेत. उतरत्या क्रमाने त्या ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा आहेत. त्यांची स्त्रीलिंगी रूपे अनुक्रमे डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस आणि बॅरोनेस अशी होतात. अर्ल हा शब्द जुन्या इंग्लिशमधील आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप प्रचारात नसल्यामुळे युरोपातील 'काउंट' या पदवीपासून आलेला काउंटेस हा शब्द अर्लच्या पत्नीसाठी रूढ झाला.

डचेसला बोलताना व लिहिताना 'डचेस' असेच म्हणतात. त्याखालच्या चारही श्रेणींतील स्त्रियांना संभाषणात 'लेडी' हे संबोधन पुरते. बॅरनच्या पत्नीला नेहमी 'लेडी' म्हणतात. स्वहक्काने बॅरोनेस असलेली स्त्री मात्र 'बॅरोनेस' किंवा 'लेडी' यांपैकी कोणतेही संबोधन वापरू शकते. त्यामुळे एखाद्या नावामागे 'बॅरोनेस' आढळल्यास तो किताब बहुधा त्या स्त्रीचा स्वतःचा असतो.

'लेडी' या शब्दाचे स्थान नावात कोठे आहे, यावरूनही अर्थ बदलतो. 'लेडी' नंतर थेट किताबाचे नाव आले, तर ती उमरावाची पत्नी किंवा स्वतः उमराव असते. 'लेडी' नंतर तिचे स्वतःचे पाळण्यातले नाव आले, तर ती ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल यांची कन्या असते. ड्यूक किंवा मार्क्विस यांच्या धाकट्या मुलाच्या पत्नीला मात्र 'लेडी' नंतर पतीचे पाळण्यातले नाव लावावे लागते.

'लेडी' असलेली प्रत्येक स्त्री उमरावशाहीतील असतेच असे नाही. 'सर' ही पदवी असलेल्या नाइटच्या आणि बॅरोनेटच्या पत्नीलाही 'लेडी' म्हणतात. नाइट व बॅरोनेट हे दोघेही उमराव नव्हेत. मुंबईतील लेडी जमशेटजी मार्ग ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या लेडी आवाबाई या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी. त्यांची 'लेडी' ही पदवी याच प्रकारची होती.

किताब मिळण्याचे मार्ग

विवाहाने : उमरावाची पत्नी पतीच्या श्रेणीचे स्त्रीलिंगी रूप धारण करते. पती निवर्तल्यावर आणि नव्या उमरावालाही पत्नी असल्यास पूर्वीच्या उमरावाची विधवा 'डावेजर' हा शब्द किताबापूर्वी लावते, किंवा किताबापूर्वी आपले स्वतःचे नाव जोडते. घटस्फोटित पत्नीही पाळण्यातले नाव आधी व किताब नंतर अशी रचना वापरते. उमरावाच्या विधवेने किंवा घटस्फोटित पत्नीने उमराव नसलेल्या पुरुषाशी पुनर्विवाह केला, तर विवाहाने मिळालेले विशेषाधिकार संपतात.

जन्माने : ड्यूक, मार्क्विस व अर्ल यांच्या मुलींना नावापूर्वी 'लेडी' आणि व्हायकाउंट व बॅरन यांच्या मुलींना 'ऑनरेबल' हे उपपद लावतात. यांना सौजन्याचे किताब म्हणतात. त्यांना कायदेशीर उमरावपदाचे स्वरूप नसते.

डायना स्पेन्सर यांच्या आयुष्यात हे नियम एकामागून एक लागू झालेले दिसतात. त्या जन्मल्या तेव्हा त्यांचे वडील व्हायकाउंट ऑल्थॉर्प या सौजन्याच्या किताबाने ओळखले जात. म्हणून त्या 'ऑनरेबल डायना स्पेन्सर' होत्या. १९७५ मध्ये आजोबांच्या निधनानंतर वडील अर्ल स्पेन्सर झाले आणि त्या 'लेडी डायना स्पेन्सर' झाल्या. १९८१ मध्ये युवराज चार्ल्स यांच्याशी विवाह झाल्यावर त्या प्रिन्सेस ऑफ वेल्स झाल्या आणि 'लेडी डायना' हे संबोधन नियमानुसार मागे पडले. वृत्तपत्रांनी मात्र ते पुढेही वापरले. १९९६ मधील घटस्फोटानंतर त्यांचे नाव 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स' असे लिहिले जाऊ लागले. हा किताब राजघराण्यातील असला, तरी नावाची रचना घटस्फोटित उमरावपत्नीसारखीच होती.

स्वहक्काने : वारशाने अथवा नव्या सनदेने स्त्री स्वतः उमराव होते. अशा स्त्रीच्या पतीला तिच्यामुळे कोणताही किताब मिळत नाही. पुरुषाचा मान पत्नीला मिळतो, स्त्रीचा मान मात्र पतीला मिळत नाही. हा नियम आजही चालू आहे. मध्ययुगात परिस्थिती वेगळी होती. तेव्हा वारसदार स्त्रीचा पती तिच्या नावाने मिळकत ताब्यात घेई आणि अनेकदा तिच्याच किताबाने संसदेत बसे.

वारसाहक्काचे नियम

स्त्रीला किताबाचा वारसा मिळेल की नाही, हे तो किताब मुळात कसा निर्माण झाला यावर अवलंबून असते.

तेराव्या व चौदाव्या शतकांत राजा काही जमीनदारांना संसदेस उपस्थित राहण्याविषयी आज्ञापत्र पाठवीत असे. अशा आज्ञापत्रातून निर्माण झालेली बॅरनपदे मूळ धारकाच्या सर्व वंशजांकडे जाऊ शकतात. मुलगा असल्यास वारसा त्याच्याकडे जातो. मुलगा नसल्यास तो मुलीकडे येतो. पुढील काळात किताब सनदेने देण्याची पद्धत रूढ झाली. सनदेत वारसाचा क्रम लिहिलेला असतो आणि बहुतेक सनदांमध्ये तो केवळ पुरुष वंशजांपुरता मर्यादित केलेला आहे. म्हणूनच इंग्लंडमध्ये स्त्रियांकडे वारशाने आलेल्या किताबांत जुनी बॅरनपदे अधिक आहेत. ड्यूक, मार्क्विस वा अर्ल यांची पदे स्त्रीकडे येणे हा अपवाद होय. सनदेत कन्येसाठी विशेष तरतूद केली असेल, तरच ते घडते.

बॅरनपद मुलींकडे येताना आणखी एक अडचण उद्‌भवते. इंग्लिश कायद्यात मुलग्यांमध्ये थोरल्याला अग्रहक्क आहे, मुलींमध्ये मात्र थोरली व धाकटी असा भेद नाही. सर्व बहिणी समान वाटेकरी ठरतात. जमिनीची वाटणी करता येते, किताबाची करता येत नाही. त्यामुळे एकाहून अधिक मुली असल्यास किताब कोणाकडेच न जाता स्थगित राहतो. या अवस्थेला 'अबेयन्स' म्हणतात. बहिणींपैकी एकीचाच वंश शिल्लक राहिला, किंवा राजाने वाटेकऱ्यांपैकी एकाच्या बाजूने निर्णय दिला, तरच किताब पुन्हा चालू होतो.

फॉकनबर्ग हे बॅरनपद याचे ठळक उदाहरण होय. पंधराव्या शतकात जोन फॉकनबर्ग या स्त्रीकडे ते होते आणि तिचा पती विल्यम नेव्हिल तिच्या हक्काने लॉर्ड फॉकनबर्ग म्हणून संसदेत बसे. तिच्यामागे मुलीच वारस उरल्याने किताब स्थगित झाला, तो १९०३ पर्यंत. त्या वर्षी तो मार्सिया, काउंटेस ऑफ यारबरो, यांना देण्यात आला. त्याच वर्षी त्यांची बहीण व्हायोलेट यांच्या बाजूने डार्सी द नेथ हे दुसरे जुने बॅरनपद मोकळे करण्यात आले.

मध्ययुग

मार्गारेट ही राजा पहिला एडवर्ड याची नात. तिचे वडील टॉमस ऑफ ब्रदरटन, अर्ल ऑफ नॉरफोक, १३३८ मध्ये वारले आणि ती काउंटेस ऑफ नॉरफोक झाली. सुमारे साठ वर्षे तिने हे पद सांभाळले. २९ सप्टेंबर १३९७ रोजी राजा दुसरा रिचर्ड याने तिला तहहयात डचेस ऑफ नॉरफोक केले. इंग्लंडमध्ये स्वहक्काने डचेस झालेली ती पहिली स्त्री होय. त्याच दिवशी तिचा नातू टॉमस मोब्रे याला ड्यूक ऑफ नॉरफोक करण्यात आले.

अ‍ॅन बोशँप, काउंटेस ऑफ वॉरिक, हिच्या चरित्रात स्वहक्काची दुसरी बाजू दिसते. १४४९ मध्ये वॉरिक घराण्याचा वारसा तिच्याकडे आला आणि तिचा पती रिचर्ड नेव्हिल तिच्या हक्काने अर्ल ऑफ वॉरिक झाला. गुलाबांच्या युद्धात 'राजे घडविणारा' म्हणून गाजलेला हाच पुरुष. त्याच्या नावामागचे वैभव पत्नीकडून आलेले होते. १४७१ मध्ये तो रणांगणावर पडला. कायद्याने मिळकत अ‍ॅनची होती, परंतु तिचे दोन जावई, म्हणजे राजा चौथा एडवर्ड याचे भाऊ ड्यूक ऑफ क्लॅरेन्स व ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, यांना ती हवी होती. १४७४ मध्ये संसदेने कायदा केला आणि काउंटेस जणू मृत झाली आहे असे मानून तिची मिळकत दोन्ही मुलींच्या पतींमध्ये वाटून दिली. ती तेव्हा हयात होती. राजा सातवा हेन्री याने १४८७ मध्ये तिचे हक्क परत दिले, पण त्यातील बहुतेक मिळकत तिच्याकडून राजाच्या नावे लिहून घेतली. १४९२ मध्ये तिचे निधन झाले.

उमरावपदाबरोबर येणाऱ्या विशेषाधिकारांपैकी एक म्हणजे गंभीर गुन्ह्यासाठी इतर उमरावांसमोरच खटला चालविला जाणे. ग्लॉस्टरची डचेस एलिनॉर कॉबम हिच्यावर १४४१ मध्ये चेटुकाचा आरोप आला, तेव्हा उमरावांच्या स्त्रियांना हा अधिकार आहे की नाही हे अनिश्चित होते. १४४२ मध्ये कायद्याने तो त्यांना देण्यात आला.

ट्यूडर काळ

मार्गारेट पोल (१४७३–१५४१) ही ड्यूक ऑफ क्लॅरेन्सची कन्या व अ‍ॅन बोशँपची नात. तिचा भाऊ एडवर्ड याला १४९९ मध्ये देहदंड झाला. पतीच्या निधनानंतरच्या हलाखीतून ती बाहेर आली ती राजा आठवा हेन्री याच्या कृपेने. १५१२ मध्ये त्याने तिला घराण्याचे सॉल्सबरीचे अर्लपद परत दिले आणि ती स्वहक्काने काउंटेस ऑफ सॉल्सबरी झाली. पुढे राजाने रोमच्या चर्चशी संबंध तोडले. मार्गारेटचा मुलगा रेजिनल्ड पोल याने परदेशातून राजाचा निषेध केला आणि त्याचा राग संपूर्ण घराण्यावर निघाला. १५३९ मध्ये तिचा किताब व मिळकत जप्त झाली. २७ मे १५४१ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये तिचा शिरच्छेद करण्यात आला. तेव्हा तिचे वय सदुसष्टच्या आसपास होते. १८८६ मध्ये पोप तेरावा लिओ याने तिला धन्य म्हणून घोषित केले.

अ‍ॅन बोलिन हिला १ सप्टेंबर १५३२ रोजी विंडसर किल्ल्यात पेम्ब्रोकचे मार्क्विसपद देण्यात आले. राजाशी तिचा विवाह तोवर झालेला नव्हता. किताब तिच्या पुरुष संततीकडे जाईल अशी तरतूद सनदेत होती. परंतु ती संतती विवाहसंबंधातून झालेली असावी, हा अशा सनदांत नेहमी आढळणारा शब्दप्रयोग त्यात नव्हता. ही गोष्ट इतिहासकारांनी वारंवार नोंदविली आहे. सोळाव्या शतकात पतीच्या किताबाचा आधार नसताना स्वहक्काने उमराव असलेल्या स्त्रिया इंग्लंडमध्ये मार्गारेट पोल व अ‍ॅन बोलिन या दोनच होत्या. दोघींचाही शेवट टॉवर ऑफ लंडनमध्ये देहदंडाने झाला.

लेडी अ‍ॅन क्लिफर्ड

अ‍ॅन क्लिफर्ड (१५९०–१६७६) हिचा लढा स्त्रियांच्या वारसाहक्काच्या इतिहासात विशेष प्रसिद्ध आहे. कंबरलंडचा तिसरा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड याची ती एकुलती एक हयात संतती. १६०५ मध्ये वडील वारले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. अर्लपद पुरुष वारसाकडे, म्हणजे तिचा काका फ्रान्सिस याच्याकडे जाणे नियमाप्रमाणेच होते. परंतु वडिलांनी मृत्युपत्रान्वये वेस्टमोरलंड व यॉर्कशायर येथील किल्ले आणि जमिनीही काकालाच दिल्या. या जमिनी दुसऱ्या एडवर्डच्या काळापासून थेट वंशजाकडेच जाण्यासाठी बांधलेल्या होत्या, मग तो वंशज मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे अ‍ॅन व तिची आई मार्गारेट यांनी न्यायालयात दावा लावला. १२९९ च्या आज्ञापत्रातून निर्माण झालेल्या क्लिफर्डच्या बॅरनपदावरही अ‍ॅनचा हक्क होता.

१६१६ मध्ये आई वारली. १६१७ मध्ये राजा पहिला जेम्स याने स्वतः निवाडा केला : मिळकत काकाकडे राहावी व अ‍ॅनला भरपाईदाखल १७,००० पौंड मिळावेत. तिचा पती रिचर्ड सॅकव्हिल, अर्ल ऑफ डॉर्सेट, याला पैशाची निकड होती व तडजोड हवी होती. त्याने तिच्यावर दडपण आणले. राजाने समक्ष बोलावून विचारले. तरीही अ‍ॅनने निवाड्यास संमती दिली नाही. ती दैनंदिनी लिहीत असे. तिच्या या काळातील नोंदी आज महत्त्वाचे ऐतिहासिक साधन मानल्या जातात.

यानंतर तिने सव्वीस वर्षे वाट पाहिली. १६४३ मध्ये काकाचा मुलगा हेन्री पुरुष वारसाविना वारला आणि मिळकत अखेर तिच्याकडे आली. यादवी युद्धामुळे तिला १६४९ पर्यंत उत्तरेकडे जाता आले नाही. त्यानंतर तिने स्किप्टन, अ‍ॅपलबी, ब्रूम, ब्रफ व पेन्ड्रॅगन हे किल्ले दुरुस्त करविले, चर्चे बांधली आणि वेस्टमोरलंडचे वंशपरंपरागत शेरीफपदही सांभाळले. २२ मार्च १६७६ रोजी ब्रूम किल्ल्यात तिचे निधन झाले.

किताबाचा निकाल तिच्या हयातीत लागला नाही. उलट १६२८ मध्ये बॅरनपद फ्रान्सिसकडे आहे अशा चुकीच्या समजुतीने हेन्रीला संसदेचे आज्ञापत्र गेले आणि त्या चुकीतून क्लिफर्डचे दुसरेच नवे बॅरनपद निर्माण झाले. जुन्या बॅरनपदावरील तिच्या वंशाचा हक्क हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १६९१ मध्ये तिचा नातू टॉमस टफ्टन, अर्ल ऑफ थॅनेट, याच्या बाजूने मान्य केला.

सतरावे ते एकोणिसावे शतक

राजा दुसरा चार्ल्स याने आपल्या प्रेयसींना उच्च किताब दिले. बार्बरा पामर ही १६७० मध्ये डचेस ऑफ क्लीव्हलंड झाली व तो किताब तिच्या मुलाकडे गेला. लुईझ द केरुआल हिला १६७३ मध्ये तहहयात डचेस ऑफ पोर्ट्‌समथ करण्यात आले.

प्रसिद्ध सेनापती जॉन चर्चिल, ड्यूक ऑफ मार्लबरो, याचा वारसदार मुलगा १७०३ मध्ये वारला. त्यानंतर १७०६ मध्ये संसदेने खास कायदा करून हे ड्यूकपद त्याच्या मुली व त्यांचे वंशज यांच्याकडे जाण्याची सोय केली. त्यानुसार १७२२ मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा गोडॉल्फिन ही स्वहक्काने दुसरी डचेस ऑफ मार्लबरो झाली. तिची आई सारा चर्चिल तेव्हा हयात होती आणि तीही डचेस होती, परंतु विवाहाने. एकाच किताबाच्या या दोन स्त्रियांच्या स्थानांतील फरक येथे स्पष्ट होतो. १७३३ मध्ये हेन्रिएटा वारल्यावर किताब तिच्या बहिणीच्या मुलाकडे गेला.

काही वेळा पतीचे राजकारण सांभाळण्यासाठी पत्नीला किताब देण्यात आला. उमराव झालेल्या पुरुषाला हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसता येत नसे. विल्यम पिट याला तेथेच राहावयाचे होते, म्हणून १७६१ मध्ये त्याची पत्नी हेस्टर हिला बॅरोनेस चॅटम करण्यात आले. १८६८ मध्ये पंतप्रधानपद सोडताना बेंजामिन डिझरायली याने स्वतः उमरावपद न घेता पत्नी मेरी अ‍ॅन हिच्यासाठी ते मागितले व ती व्हायकाउंटेस बीकन्सफील्ड झाली. ती १८७२ मध्ये वारली. डिझरायली स्वतः अर्ल ऑफ बीकन्सफील्ड झाला तो १८७६ मध्ये.

स्वतःच्या सार्वजनिक कार्यासाठी उमरावपद मिळालेली पहिली स्त्री म्हणून अँजेला बर्डेट-कूट्‌स (१८१४–१९०६) हिचा उल्लेख केला जातो. कूट्‌स बँकेच्या संस्थापक घराण्याची प्रचंड संपत्ती तिला मिळाली होती व ती तिने शिक्षण, गरिबांची घरे आणि निराश्रित स्त्रियांचे पुनर्वसन अशा कामांसाठी खर्च केली. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तिला बॅरोनेस केले. १८८१ मध्ये तिने विल्यम अ‍ॅशमेड-बार्टलेट याच्याशी विवाह केला. नियमाप्रमाणे पतीला किताब मिळाला नाही, पण त्याने तिचे आडनाव स्वीकारले.

विवाहाने मिळालेला किताब किती अस्थिर असतो, हे एलिझाबेथ चडली हिच्या खटल्यावरून दिसते. १७४४ मध्ये तिने ऑगस्टस हार्वी याच्याशी गुप्तपणे विवाह केला होता. तो लपवून १७६९ मध्ये ती ड्यूक ऑफ किंग्स्टन याची पत्नी झाली. ड्यूकच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी द्विभार्याप्रतिबंधाचा खटला भरला. एप्रिल १७७६ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सर्व उमरावांसमोर तो चालला व ती दोषी ठरली. डचेस हा किताब गेला. परंतु पहिला पती दरम्यान अर्ल ऑफ ब्रिस्टल झाला होता. त्यामुळे ती आपोआप काउंटेस ठरली आणि उमरावाच्या पत्नीचा विशेषाधिकार सांगून हातावर डाग देण्याच्या शिक्षेतून सुटली. उमरावांसमोर खटला चालविण्याची पद्धत १९४८ मध्ये रद्द झाली.

संसदेतील आसनासाठी लढा

१९१८ मध्ये स्त्रियांना हाउस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढविण्याचा हक्क मिळाला. १९१९ मध्ये तेथे आसन ग्रहण करणारी पहिली स्त्री नॅन्सी अ‍ॅस्टर. ती विवाहाने व्हायकाउंटेस होती. उमरावाची पत्नी स्वतः उमराव नसल्यामुळे तिला कॉमन्समध्ये बसण्यास अडथळा नव्हता. जी स्त्री खरोखर उमराव होती, तिला मात्र लॉर्ड्‌सची दारे बंद होती.

मार्गारेट हेग टॉमस, व्हायकाउंटेस रोंडा (१८८३–१९५८), यांनी या विसंगतीला आव्हान दिले. स्त्री मताधिकाराच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि १९१५ मध्ये बुडालेल्या लुसिटेनिया जहाजावरून त्या बचावल्या होत्या. १९१८ मध्ये विशेष तरतुदीनुसार वडिलांचा किताब त्यांना मिळाला. १९१९ च्या कायद्याने लिंगभेदामुळे कोणालाही सार्वजनिक कार्य करण्यास अपात्र ठरविता येणार नव्हते. त्याच्या आधारे त्यांनी लॉर्ड्‌समध्ये बसण्याची परवानगी मागितली. मार्च १९२२ मध्ये विशेषाधिकार समितीने अनुकूल मत दिले. परंतु लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेड यांच्या विरोधामुळे प्रकरण पुन्हा मोठ्या समितीकडे गेले आणि मे महिन्यात अर्ज फेटाळला गेला. पुढील छत्तीस वर्षे प्रयत्न चालूच राहिले.

३० एप्रिल १९५८ रोजी तहहयात उमरावपदांचा कायदा संमत झाला. त्यानुसार वारसा नसलेले, हयातीपुरते उमरावपद स्त्रियांनाही देता येऊ लागले व त्यासोबत आसनही मिळू लागले. पहिल्या स्त्रियांची नावे २४ जुलै रोजी जाहीर झाली. लेडी रोंडा त्याच्या चार दिवस आधी, २० जुलै रोजी, वारल्या होत्या. पहिल्या चार स्त्रिया म्हणजे स्टेला आयझॅक्स, बार्बरा वुटन, कॅथरिन एलियट आणि आयरिन कर्झन. त्यांपैकी आयरिन कर्झन या १९२५ पासूनच स्वहक्काने बॅरोनेस रेव्हन्सडेल होत्या. तेहतीस वर्षे किताब असूनही त्यांना आसन नव्हते. ते मिळण्यासाठी त्यांना दुसरे, तहहयात उमरावपद घ्यावे लागले.

१९६३ च्या कायद्याने वंशपरंपरागत किताब स्वहक्काने धारण करणाऱ्या स्त्रियांना पुरुषांप्रमाणेच आसन मिळाले. हा हक्क प्रथम बजावणारी स्त्री म्हणजे बॅरोनेस स्ट्रेंज ऑफ नॉकिन. १९९९ मध्ये लॉर्ड्‌समधील वंशपरंपरागत सदस्यत्व ९२ जागांपुरते मर्यादित झाले. त्या ९२ जणांत पाच स्त्रिया होत्या : काउंटेस ऑफ मार, लेडी सॉल्टन, लेडी स्ट्रेंज, बॅरोनेस व्हॉर्टन आणि लेडी डार्सी द नेथ. यांतील पहिले दोन किताब स्कॉटलंडचे होते. लेडी डार्सी द नेथ या १९०३ मध्ये बॅरनपद मिळालेल्या व्हायोलेट यांची नात. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागलेल्या या सदस्येने अपंगांच्या प्रश्नांवर दीर्घकाळ काम केले.

भारताशी संबंध

भारताच्या ब्रिटिशकालीन इतिहासात या किताबांचा उल्लेख वारंवार येतो. भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय उपचारांसाठी १८८५ मध्ये स्थापन झालेला 'काउंटेस ऑफ डफरिन' निधी हा व्हाइसरॉयची पत्नी हॅरिएट यांच्या विवाहाने मिळालेल्या किताबाने ओळखला गेला. अनेक शहरांतील डफरिन रुग्णालये त्यातून उभी राहिली आणि सोलापुरातील डफरीन चौकाच्या रूपाने ते नाव महाराष्ट्रातही टिकून आहे.

वर उल्लेखिलेल्या आयरिन या व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कन्या. कर्झन यांना मुलगा नव्हता. १९११ च्या सनदेत रेव्हन्सडेलचे बॅरनपद मुलींकडे जाण्याची तरतूद असल्याने ते टिकले. त्यांची अर्ल व मार्क्विस ही पदे मात्र त्यांच्याबरोबर संपली.

शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनाही केवळ मुलीच होत्या. त्यांच्या सनदेतील विशेष तरतुदीनुसार १९७९ मध्ये त्यांच्या हत्येनंतर थोरली मुलगी पॅट्रिशिया (१९२४–२०१७) स्वहक्काने काउंटेस माउंटबॅटन ऑफ बर्मा झाल्या व १९९९ पर्यंत लॉर्ड्‌सच्या सदस्य राहिल्या. त्यांचे पती जॉन नॅचबुल हे स्वतः बॅरन ब्रेबोर्न होते. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न हे पॅट्रिशिया यांचे सासरे.

तहहयात उमरावपद मिळालेली आशियाई वंशाची पहिली स्त्री म्हणजे लाहोर येथे जन्मलेल्या श्रीला फ्लॅदर. १९९० मध्ये त्या बॅरोनेस झाल्या. सभागृहात त्या साडी नेसून येत.

सद्यःस्थिती

तहहयात उमरावपदांच्या बाबतीत स्त्री व पुरुष असा भेद आता राहिलेला नाही. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर या १९९२ मध्ये बॅरोनेस थॅचर झाल्या. वंशपरंपरागत किताबांचे जुने नियम मात्र कायम आहेत. २०१३ च्या कायद्याने राजसिंहासनाच्या वारसाक्रमात मुलगा व मुलगी समान झाले, पण तो कायदा उमरावांच्या किताबांना लागू नाही. त्याच वर्षी किताबांच्या वारशातही समानता आणणारे विधेयक लॉर्ड लुकास यांनी मांडले. ते संमत झाले नाही. परिणामी, सनदेत विशेष तरतूद नसल्यास अर्लची थोरली मुलगी आजही किताबाची वारस ठरत नाही. तो धाकट्या भावाकडे, भाऊ नसल्यास काका, चुलतभाऊ वा अन्य पुरुष नातेवाइकाकडे जातो आणि असा पुरुष न सापडल्यास लुप्त होतो.

१९९९ नंतर लॉर्ड्‌समध्ये उरलेल्या पाच वंशपरंपरागत स्त्री सदस्यांपैकी शेवटच्या काउंटेस ऑफ मार या २०२० मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर या जागांवर एकही स्त्री उरली नाही. उर्वरित वंशपरंपरागत सदस्यत्व संपविण्याचे विधेयक २०२४ मध्ये संसदेत मांडण्यात आले.